फाळका

चौपन्न सालची फार्गो. वाडीच्या वजनकाट्यामागे
विटांवर उभी होती, चाकांशिवाय.
लोखंडाच्या भावानं घेतली.
शमीम उस्ताद म्हणाले, "दिल्लीचा माल मागवू काय जी?
हुबेहूब. महिन्याभरात रस्त्यावर."
मी म्हटलं, नाही.
मग दोन वर्षं नाहीच म्हणत राहिलो.

कार्बोरेटर मोमिनपुऱ्यात, रॉकेलच्या डब्यात बुडवलेला.
स्पीडोमीटर इतवारीत एका घड्याळजीकडे;
काटा सुंदर होता, म्हणून ठेवला म्हणे.
हॉर्न कुठंच नाही.

फाळका कामठीला निघाला.
कौतिकाबाई डहाटांच्या बकऱ्यांचं दार झालेला,
सायकलच्या ट्यूबनं बांधलेला,
कंपनीचं नाव डोक्यावर उभं.
पहिलं अक्षर तेवढं लख्ख.
तिथं बकऱ्या मान घासतात.
पहिलीनं घासली, तिच्या नातींनी घासली.

"न्या ना बापा," त्या म्हणाल्या,
"पण माह्या बकऱ्या काय उघड्यावर ठेवू?"
म्हणून आधी दार केलं. सागाचं, पितळी कडीचं.
दोन दिवस एकही बकरी आत जाईना.

मे महिना. पत्र्याला हात लावू देईना ऊन.
रंगारी लांबी कालवत म्हणाला,
"हे झिजलेलं भरतो. ओरिजिनल पाहिजे ना तुम्हाले?"
मी अक्षराकडं बघत राहिलो. उत्तर सुचेना.
गाडीखालून उस्तादांचा आवाज आला,
"बकऱ्यांचं राहू दे बे. बाकी रंगव."

आता कामठी रोडला तिला घेऊन निघतो,
आणि हॉर्न नाही, म्हणून
खिडकीतून हात काढून स्वतःच ओरडतो:
बाजू! बाजू!