दुसरा हात

व्हिनेगरचा वास तीन दिवस घरात आहे.
पाव भाजायच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवल्यात
फुस्काच्या बॉनेटच्या दोन बिजागऱ्या
(बीटलला आम्ही इथे फुस्काच म्हणतो),
बॅटरी आवळायची पट्टी, नंबरप्लेटच्या दिव्याची टोपी,
अकरा बोल्ट.
बारावा पिळताना तुटला,
तेव्हा मी दिलेली शिवी
कुंपणापलीकडे एल्सिराबाईंनी ऐकली.

ला पालोमात जिथून समुद्र दिसत नाही
त्या घरातही समुद्र येतो.
कुलपात येतो. खिळ्यांत येतो.
किल्लीला आधी कळतं, मग आपल्याला.

विल्मार विगोहून फोन करतो.
"निबिया, नव्या घे ना बिजागऱ्या,
चाळीस डॉलरला जोडी मिळते."
बावीस वर्षांपूर्वी
याच गाडीतून त्याला बसपर्यंत सोडलं मी.
"एक वर्ष," म्हणाला होता,
"तोवर गाडी पावसात ठेवू नकोस."
नाही ठेवली.
पाऊस लागतोच असं कुठे आहे.

चौथ्या दिवशी तारेचा ब्रश.
आधी भुकटी, विटेच्या रंगाची,
मग पापुद्रे,
मग खळगे, देवी येऊन गेल्यासारखे.
खायच्या सोड्यात बुडवल्या, पुसल्या,
ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवल्या.
रात्री त्याच ओव्हनमध्ये भोपळा भाजला.
भोपळ्याला लोखंडाची चव आली.
एकटीच खाणार होते, चालून गेलं.

डाव्या बिजागरीच्या आतल्या अंगाला,
बॉनेट मिटल्यावर जिथे कुणाची नजर पोचत नाही,
जुन्या काळ्या रंगात
एक अंगठा उठलेला.
ओल्या रंगावर कुणीतरी घाई केलेली.
रेष न् रेष शाबूत.

फोटो पाठवला. तुझा ना?
"छे! मी हातमोजे घालायचो."
हा माणूस सूपाचं पातेलं
उघड्या हातांनी उचलायचा चुलीवरून,
आणि मग स्वयंपाकघरभर नाचायचा.

माझा अंगठा ठेवून पाहिला.
चहूबाजूंनी ठसा उरला.
भिंग धरलं, तर दिसलं
गंज सुरू झाला तो इथूनच.
घामातलं चिमूटभर मीठ
रंगाच्या पोटात.

ती संध्याकाळ बिजागरी टेबलावर नुसती पडून राहिली.
मी माते पीत बसले, पाणी गार झालं तरी.
मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर.
मग एकशेवीस.
चार मिनिटं लागली.
खालचं लोखंड सोललेल्या बटाट्यासारखं,
तासाभरात पुन्हा तांबूस व्हायला टपलेलं.

अंगणात वारा होता आणि वाऱ्यात वाळू,
म्हणून न्हाणीघरात,
पडद्याच्या दांडीला तारेनं टांगल्या सगळ्या.
अस्तराचा एक हात दिला.
मग काळ्याचा पहिला.
डब्यावर लिहिलंय, पातळ हात द्या, थांबा, पुन्हा द्या.
जाड हात ओघळतो.
विल्मारने एकच दिला होता, जाड,
आणि बस पकडली होती.

दोन हातांमध्ये पंचवीस मिनिटं जाऊ द्यायची.
जुलैच्या थंडीत पन्नास.
मी टबच्या काठावर बसून होते
तळवे मांड्यांखाली दाबून.

रविवारी कास्तियोसहून एक मुलगा आला गाडी बघायला.
टायरला लाथ मारली,
रेडिओ चालतो का विचारलं.
बॉनेट उघडायला सांगेना, तेव्हा मीच उघडलं.
बिजागऱ्यांनी आवाजसुद्धा केला नाही.
तो आत वाकून म्हणाला,
"इंजिन कुठाय?"
"मागे असतं," मी म्हटलं,
आणि किंमत दोनशेनं वाढवली.

रात्री विगोहून फोन.
"गेली का?"
"नाही अजून. एक बोल्ट कमी आहे."
पलीकडे तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"आठ मिलिमीटरचा ना? माझ्याकडे आहे बहुतेक."