पंक्चर

देशटवार सरांनी फळ्यावर लिहिलं :
दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.
मुनीराला भागाकारच तेवढा दिसला.

संध्याकाळी जिंतूर रोडला, अब्बूच्या दुकानात,
तिनं ट्यूब घमेल्यात बुडवली
तशी एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ सुटली.
हवा आतून सगळीकडंच ढकलत होती,
वाट मात्र बाभळीच्या काट्यानं दिली.

इवलंसं टोक.
म्हणून तर घुसलं.

ओल्या काळ्या रानात गाडीचं चाक रुततं,
ट्रॅक्टरचं रुंद चाक निघून जातं.
आणि शाळेच्या गळक्या टाकीचं
खालचंच भोक का लांब पिचकारी मारतं...

"हवा भर," अब्बू म्हणाले.
शेवटचे चार हात जड गेले.
तिनं अंगठ्यानं टायर दाबून पाहिला.

टायरनंही तिचा अंगठा दाबला.