अठराशे फूट खाली

पिंजरा सुटतो सहाला दोन मिनिटं कमी असताना
आणि स्टँको सुरू होतो :
"दोघं एका टीममध्ये! मिटला विषय.
जूनच्या रजा आत्ताच टाकून ठेवा."
ऑर्व्हिल हेल्मेटचा पट्टा आवळतो.
"चेंडू एकच असतो, बाबा."

चार मिनिटांचा उतार.
वर ऑगस्ट, वर ईरी सरोवर,
त्यावर कुणाकुणाच्या शिडाच्या होड्या.
खाली आम्ही पुढचा एप्रिल वाटून घेतोय.
पहिली फेरी खिशात. दुसरीही.
तिसरीत बॉस्टन आडवं येईल,
येऊ दे.

"त्याचा गुडघा बघितलास? चौतिशीचा गुडघा."
"माझा एकसष्ट वर्षांचा. येतोच ना रोज?"
"तुला पास कोण देतं!"
हसण्याने पिंजरा हलतो.

नवा पोरगा, टायरीस, आठवडाभर गप्पच होता.
त्याच्या डब्यावर एक स्टिकर,
नखाने अर्धं खरवडून
मग तसंच ठेवलेलं.
"परत येतोय तो हाच ना?
गेला तेव्हा त्याच्या जर्स्या जाळल्या तुम्ही.
खाल्ल्या मिठाला जागला नाही म्हणालात."

दार उघडतं.
भिंती मिठाच्या, छत मिठाचं,
ओठ चाटले तरी तेच.

स्टँको दिवा लावतो. "मी नव्हती जाळली,"
म्हणतो, "बायकोने. म्हणजे,
काडी माझी होती."

ऑर्व्हिल खडूने भिंतीवर आकडा टाकतो :
चौपन्न विजय.
शेजारी गेल्या वर्षीचे बावन्न अजून तसेच.
जिंकलो होतो एकोणतीस.
पुसायला कुणी
हात लावलेला नाही.