उताराकडचा गोल

एकतीस वर्षं मी या मैदानाला चुना लावला.
हसू नका, फसवलं कुणालाच नाही.
नुसत्या रेघा. त्याही सरळ दिसाव्यात म्हणून
किंचित वाकड्या मारलेल्या,
कारण पूर्वेकडचा गोल
पश्चिमेकडच्यापेक्षा दीड फूट खाली होता.

खाली कोळशाची खाण, वर कॉलेज.
पेनसिल्व्हेनियाची ही एकच टेकडी
दोघंही पोखरून खात होते.

वहीतली पहिली नोंद एकोणीसशे सव्वीसची:
अकरा पोरं, बुटांचे नऊ जोड.
स्ट्रंक मास्तर लॅटिनचे,
त्यांनी फुटबॉल आधी पुस्तकात पाहिला.
खेळायला शिकवलं ते ओंद्रेय हुडाकनं,
जो विद्यार्थी नव्हताच.
रात्रपाळी संपली की तोंड न धुता
कुंपणावरून उडी टाकून यायचा.
फोटोत चेहरे बारा आहेत,
खाली नावं अकरा.

अडतीस साल: सामने नऊ, पराभव आठ,
एक 'अपूर्ण'.
अपूर्ण म्हणजे काय, ते माझ्या बापानं सांगितलं.
चुन्याची गाडी तेव्हा तो ढकलायचा.
बर्फ भुरभुरत होतं, शून्य-शून्य,
आणि पेनल्टीच्या ठिपक्याशेजारी
जमिनीनं घागरीएवढं तोंड उघडलं.
चेंडू गडगडत गेला तो आत.
बावीस जण भोवती वाकले.
एम्रिस प्रॉसर आडवा झाला, कान लावला,
म्हणाला, अजून पडतोच आहे.
दुसरा चेंडू दोन्ही संघांकडे नव्हता.

त्रेचाळीस, चव्वेचाळीस: पानं कोरी.
अगदीच कोरी नाहीत,
मास्तरांनी दर शनिवारची तारीख घातली आहे,
सामना नसलेले सगळे शनिवार.
एका तारखेपुढे फक्त 'प्रॉसर'
आणि पूर्णविराम.

मधली वीस-पंचवीस वर्षं सांगत नाही.
हरलो, जिंकलो, बस बंद पडली,
जर्सीचा निळा धुऊन धुऊन राखाडी झाला.
खाण मिटली. गावातली पोरं संपली.

मी कामाला लागलो तेव्हा पोरं लांबून येत होती.
कलाबारच्या एक्पेन्यॉन्गनं पहिल्या दिवशी
चेंडू गवतावर ठेवला,
तो आपोआप पूर्वेला निघाला
तेव्हा त्याच्या भाषेत त्याला काहीतरी सुनावलं.
चेंडू थांबला, असं मी म्हणणार नाही.
पण त्या वर्षी घरच्या मैदानावर एकही सामना गेला नाही.
लोक म्हणाले, उताराचा फायदा.
उतार अडतीस सालीही होताच की.

शिराझच्या खोस्रोला त्या हिवाळ्यात
घरचं पत्र आलं नाही.
तो अंधारात भिंतीवर चेंडू मारत राहायचा,
उजवा पाय, डावा पाय, उजवा.
दिवे दहाला बंद करायचे, असा नियम.
माझं घड्याळ त्या महिन्यांत मागे पडत होतं.
वहीत याची नोंद नाही.

दोन हजार नऊ: डोझर आले.
तीन दिवस पोकळीत सिमेंट ओतत होते,
वर हिरवं प्लॅस्टिक अंथरलं,
रेघा कारखान्यातूनच विणून आल्या.
ठेकेदाराला विचारलं, खाली काही सापडलं?
काय सापडायला हवं होतं?
चेंडू, म्हटलं.
त्यानं माझ्या वयाकडे पाहिलं
आणि कॉफी देऊ का, असं विचारलं.

ऑक्टोबरात जुन्या खेळाडूंचा मेळावा भरतो.
म्हातारे हातात कागदी पेले घेऊन
या काटकोनी, सपाट मैदानावर फिरतात
आणि पूर्वेकडे जाताना
टाचा रोवतात, पाऊल आवरतं घेतात,
उतरणीला घ्यावं तसं.
सांगितलं तर त्यांना पटत नाही.

यंदा एक्पेन्यॉन्ग आला होता, नातीला घेऊन.
गुडघा आता धातूचा.
तिचा चेंडू त्यानं मधल्या वर्तुळात ठेवला,
कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला.
चेंडू हलला नाही.
मग इकडेतिकडे पाहून
बुटाच्या टोकानं
हळूच ढकलला,
पूर्वेकडे.