तिसऱ्या मजल्यावरून

इशबेलने खिडकीतून लोकर खाली सोडली,
टोकाला चहाचा चमचा बांधून.
करडी लोकर. युआन गेला तेव्हा
डाव्या बाहीशी थांबलेल्या स्वेटरची.
दुसरा मजला, पहिला मजला, दाराची कमान,
टिंग.
पुढचं अंतर तिने डोळ्यांनीच मोजलं.
धरून चाला, सतरा मीटर.

शोरूममधला पोरगा म्हणाला होता,
रात्री घरी लावायची, सकाळी भरलेली.
अगदी मोबाइलसारखं, मॅडम.
घरी म्हणजे कुठे, ते त्याने विचारलं नाही.
त्याच्या घराला अंगण असावं.

ग्लासगोच्या या गल्लीत
एका जिन्याला आठ दारं,
आठ दारांच्या सहा गाड्या
आणि जागा ज्याला सापडेल त्याची.
आज तिची गाडी समोर आहे,
काल चर्चच्या वळणावर होती,
उद्याचं कुणी सांगावं.

किमतीचा घास तिने कधीच गिळला होता.
थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणे,
ओबानला बहिणीकडे जाताना डोंगरात बसली तर?
बसली तर बसली. थर्मास आहे, विणकाम आहे.
घोडं पेंड खात होतं ते इथेच,
फुटपाथच्या अलीकडे.

कोपऱ्यावर चार्जिंगचा एक खांब आहे.
महिनाभर त्याच्या डोक्यावर पिवळी पिशवी होती.
पिशवी निघाली, तर खाली डिझेलची व्हॅन,
जशी काही तिथेच उगवलेली.
आणि नगरपालिकेचं पत्र:
रस्त्यात वायर टाकू नये, लोक अडखळतात.
खरंच आहे की. एकतीस वर्षं नर्स होती ती,
मोडक्या खुब्यांच्या म्हाताऱ्या
तिने काय कमी उचलल्या?

तेवढ्यात लोकरीला हिसका बसला.
ती वाकली.
पहिल्या मजल्याच्या खिडकीतून मिरोस्वाव
अर्धा बाहेर, धागा चिमटीत धरून,
दुसऱ्या हातात सुताराचा टेप.
"तुमचे किती?" त्याने ओरडून विचारलं.
"सतरा!"
"माझे अकरा," तो म्हणाला,
"पण वळणावर लावली तर साठ."

दोघंही हसले, जरा जास्तच.
मग त्याने धागा सोडला.

इशबेल लोकर गुंडाळत राहिली,
आणि चमचा वर येताना
प्रत्येक खिडकीच्या काचेवर
एकदा वाजला.