एनेलेसीचा डबा

मलावी सरोवराच्या काठी
सुकवलेली उसिपा विकते एनेलेसी.
तिच्या डब्याचा तळ
खालून ठोकून वर आणलेला,
दर मापाला मूठभर मासळी खाणारा,
नवरा गेला त्या वर्षापासून.

बाप्तिस्मा झाला त्या रविवारी
ओल्या कपड्यांनीच ती घरी आली,
चुलीशी बसून
आतून दगडानं तळ ठोकत राहिली.
शेजारीण ओरडली, झोपू दे गं!

सोमवारी पहिल्याच गिऱ्हाइकाला माप घालताना
बोटं सवयीनं परत घेऊ लागली
चिमूटभर.

थांबली.
स्वतःलाच हसली, मोठ्यानं,
आणि वर आणखी ओंजळ टाकली.

तळ अजून नीट सपाट नाही.
टेकवला की डबा डुगडुगतो.
रोज पहाटे ती येशूला म्हणते,
धर जरा,
हलतंय अजून.