मापात पाप

समिती वरच्या मजल्यावर बसते, गुरुवारी, बिस्किटांसकट.
खाली माझ्याकडे कामाची चिठ्ठी येते, तेवढाच आमचा संबंध.
त्या दिवशीची चिठ्ठी: ग्रंथालय. बोळातल्या बेसिनखाली पाणी.
वारंवार. कारण शोधावे.

कारण गुडघ्यांवर बसून कागदी रुमालाने फरशी टिपत होतं.
होदान वर्सामे, नर्सिंग, दुसरं वर्ष. मोजे खिशात.
"पाय धुते," म्हणाली, "नमाजाआधी. बेसिन उंच आहे,
आणि मी नाही."
पावणेतीन फूट. मीच बसवलेलं, माझ्या कमरेला बरं पडेल असं.

कॉलेजच्या माहितीपत्रकात होदान तीनदा आहे:
प्रयोगशाळेत, जिन्यावर, आणि गवतात बसून हसताना.
डुलुथला गवत चार महिने दिसतं.
उरलेले आठ महिने सरोवरावरून वारा येतो
आणि जो तो आपापल्या कॉलरमध्ये राहतो.

मी तळघरात बुटकं बेसिन बांधलं, बॉयलरच्या शेजारी.
फरशीला उतार, बसायला देवदाराची फळी,
कडा घासून घासून गोल केल्या. माझी माणसं फिनलंडची;
पाणी, लाकूड आणि ऊब यातलं आम्हाला कळतं,
असा माझा समज.
समितीने फीत कापली. फोटोत मी नाही, फळी आहे.

होदानने फळीवरून हात फिरवला. मग विचारलं,
"खालीच का?"
"पाइप खाली आहे."
"बरं," म्हणाली.

त्या एका 'बरं'ची खोली
माझ्या कुठल्याच टेपने मोजता येईना.

माझे वडील खाणीच्या गावातल्या शाळेत गेले
तेव्हा त्यांना फिनिशशिवाय काही येत नव्हतं.
बाईंनी त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं, शेगडीला लागून:
पोराला थंडी वाजू नये.
बाई खोटं बोलत नव्हत्या. शेगडी होतीच तिथे.
वडील वर्षभर उबेत बसले
आणि फळा त्यांना दिसला नाही.

ओरिनचा उतार मात्र मी चोख केला होता.
बाराला एक, नियमात बसणारा. लेव्हल ठेवली,
बुडबुडा मधोमध. खुर्ची एका दमात वर.
नोव्हेंबरात गसने नांगरगाडी फिरवली
आणि रस्त्याचा सगळा बर्फ नेमका
उताराच्या पायथ्याशी लोटला. गस वाईट नाही.
त्याला रस्ता साफ करायला सांगितलं होतं, त्याने केला.
ओरिन ढिगाऱ्याअलीकडे बसून होता, मांडीवर पुस्तकं,
पापण्यांवर बर्फ.
"उतार छान आहे," म्हणाला, "इथून दिसतो तेवढा."

पाइप हलतात. एकतीस वर्षं मी तेच करतोय.
नाताळच्या सुट्टीत बोळातली भिंत फोडली,
कोणाला न विचारता. दोन दिवस धूळ,
आत एका जुन्या गवंड्याने सोडलेली कॉफीची बाटली,
आणि पाइप, हाताच्या अंतरावर,
इतकी वर्षं तिथेच.

चिठ्ठीवर 'कारण' असा रकाना असतो.
मी लिहिलं: माप चुकलं.
कोणाचं, ते लिहिण्याएवढी जागा त्यांनी ठेवलेली नाही.

होदान जानेवारीत आली. बसली, मोजे काढले,
पाणी सोडलं. काही बोलली नाही.
मी बोळाच्या टोकाला दिवा बदलत होतो,
जो बिघडलेला नव्हता.
मग म्हणाली, "गरम नळ डावीकडे हवा होता."
बदलेन, म्हटलं. चिठ्ठी टाक.

आज रात्रभर पडला.
पहाटे पाचला गसकडे गेलो, थर्मास घेऊन,
उतार कुठे सुरू होतो ते दाखवायला. गाडी आधीच निघाली होती.
आता फावडं माझ्या हातात आहे आणि अर्धा ढीग समोर.
ओरिनचा तास आठला.
साडेसात वाजलेत.